पुण्याहून जर्मनीला निघताना: पहिल्या वर्षाचे सण, जेवण आणि शेजार

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे पुण्यातून शिकायला जाणारी मुलं नेमकी गणपतीच्या आगेमागे निघतात. घरात एकीकडे आरास चाललेली असते आणि दुसरीकडे बॅग काट्यावर चढवून किलो मोजणं. दरवर्षी ऑगस्टमध्ये ओळखीतली दोन-चार मुलं, कधी नोकरीसाठी निघालेलं एखादं जोडपं, कोथरूडला माझ्याकडे येऊन बसतात. मी सात वर्षं ब्रेमेनला राहून आले. व्हिसा, बँक, विमा यांची माहिती त्यांच्याकडे माझ्यापेक्षा ताजी असते. चहा संपत आला की मग खरा प्रश्न येतो: "मावशी, तिथे करमेल ना?"

करमतं. पण माझी पहिली दोन वर्षं वाया गेली, ती का गेली ते सांगते. रस्त्यावर मुलं कंदील घेऊन गाताना दिसायची, शेजारच्या खिडकीत मेणबत्त्या लागायच्या, आणि मी काचेतून बघायचे. मला वाटायचं, कुणीतरी बोलावेल. खरं तर पुण्यात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. आपल्या सोसायटीत गणपती बसतो तेव्हा नव्या बिऱ्हाडाला कुणी पत्रिका देत नाही. जो खाली उतरून खुर्च्या मांडतो, प्रसादाची केळी कापायला बसतो, तो तिसऱ्या दिवशी मंडळातला झालेला असतो. तिथेही हेच चालतं. सण बघायला गेलात तर पाहुणे राहाल, कामाला गेलात तर घरचे व्हाल. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका अनुभवातून आलेलं आहे. उदाहरणं ब्रेमेनची आहेत, कारण मला ते शहर माहीत आहे. तुम्ही म्युनिकला चालला असाल तर सण थोडे बदलतील, रीत बदलणार नाही.

निघण्याआधी, इथे पुण्यात

पहिलं काम आईच्या स्वयंपाकघरात. चार पदार्थ स्वतःच्या हाताने करायला शिका: एक रोजची आमटी, एक पोळी किंवा भाकरी, एक सणाचं गोड, आणि एक असा पदार्थ जो वीस माणसांना नेता येईल. चौथा सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. आईला प्रमाण विचारलंत तर ती "अंदाजाने घालते" म्हणेल. तेव्हा वजनकाटा घेऊन तिच्या शेजारी उभे राहा. तिच्या मुठीतला गूळ, वाटीतला रवा काट्यावर ठेवा आणि ग्रॅममध्ये लिहून घ्या. जर्मनीत पाककृती ग्रॅममध्येच लिहितात. तुमचा पदार्थ आवडला की माणसं कृती मागतात, आणि ती मनापासून मागतात. घरी जाऊन करूनही बघतात. माझ्या आईच्या नारळाच्या वड्यांचं प्रमाण मी असंच उतरवून घेतलं होतं. तो कागद अजून माझ्या डब्यात आहे, पाकाच्या डागांसकट.

दुसरं, आपल्या सणांची गोष्ट चार वाक्यांत सांगता आली पाहिजे, जमलं तर जर्मनमध्ये. गणपतीचं डोकं हत्तीचं का, दिवाळीला दिवे का लावतात, उपासाला साबुदाणा चालतो आणि भात चालत नाही तो का. हे प्रश्न पहिल्या महिन्यातच येतात. रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्सम्युलर भवनात क्लास चालू असेल तर ही वाक्यं बाईंकडून किंवा सरांकडून तपासून घ्या. पहिल्या पातळीच्या व्याकरणात ती बसतात.

तिसरं काम म्हणजे बॅग, आणि इथे नियम नीट समजून घ्या. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आईने प्रेमाने दिलेलं साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं त्यात आलं. ताजी फळं, भाज्या, पानं यांना रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता घरीच राहू दे. नारळ मात्र त्या दाखल्यातून वगळलेला आहे. काय न्यावं? गोडा मसाला, हिंग, आमसुलं, मेतकूट, पोहे, मोदकाचा साचा, पोळपाट-लाटणं, चक्का बांधायला मलमलचं फडकं, आणि झाकणाचे चार स्टीलचे डबे. कुकर नेणार असाल तर तळ इंडक्शनवर चालणारा बघा. तिथे गॅस फार कमी घरांत असतो आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही.

पहिला आठवडा

शनिवारी रात्री पोचत असाल तर दोन दिवसांचं खाणं बरोबर ठेवा. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. सुपरमार्केट, कपडे, भांडी, सगळं. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात आणि बेकऱ्या सकाळी काही तास. मी रविवारी दुपारी उतरले होते आणि पहिलं जेवण म्हणून घरून आणलेले दडपे पोहे कोरडेच खाल्ले, कारण तेल घ्यायला दुकान नव्हतं. पण रविवारचा हा बंद पुढे मला फार आवडू लागला. त्या दिवशी घरात ड्रिल चालवत नाहीत, गवत कापायचं यंत्र लावत नाहीत. रात्री दहानंतरही शांतता पाळायची असते, आणि काही इमारतींत दुपारी एक ते तीनसुद्धा. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या टाकून देऊ नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. तिला प्फांड म्हणतात. सुपरमार्केटच्या दारात मशीन असतं, बाटल्या घातल्या की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शेजाऱ्यांची दारं स्वतः वाजवा. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारच्या काकू चहा घेऊन येतात. तिथे रीत उलटी आहे. नव्याने आलेल्याने जाऊन आपलं नाव सांगायचं असतं. मला हे माहीत नव्हतं. मी चहाची वाट बघत राहिले, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी, मी येऊन नाव सांगेन म्हणून वाट बघत राहिल्या. असे चार महिने गेले. पाच मिनिटांचं काम आहे: नाव, कुठून आलात, कोणत्या मजल्यावर आहात. नाव सांगताना आडनावही सांगा, दारावरच्या पाटीवर तेच असतं. मोठ्या माणसांना 'झी' म्हणायचं, म्हणजे आपलं अहोजाहो. ते स्वतःहून 'डू' म्हणा म्हणेपर्यंत. मराठी माणसाला यात काही नवं शिकावं लागत नाही, फक्त विसरायचं नाही.

भिंतीवर दोन कॅलेंडरं

पुण्याहून कालनिर्णय न्या आणि तिथे पोचल्यावर तिथलं एक कॅलेंडर विकत घ्या. दोन्ही शेजारी शेजारी लावा. पहिल्या वर्षी हे करायचंच.

सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असतात. देशभराच्या सुट्ट्या नऊ: नववर्ष, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे, हिमेलफार्ट (येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार), फिंग्स्टचा (पेंटेकोस्ट सणाचा) सोमवार, ३ ऑक्टोबर (जर्मन एकीकरणाचा दिवस), आणि २५ व २६ डिसेंबर. ब्रेमेनमध्ये ३१ ऑक्टोबरही धरतात, तो दहावा, २०१८ पासून. बव्हेरियात याहून जास्त आहेत. सुट्टी रविवारी आली तर गेली, बदली दिवस मिळत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी दुकानांत मोठी गर्दी असते, तेव्हा दूध, ब्रेड, भाजी दोन दिवस आधीच भरून ठेवा.

दोन कॅलेंडरं शेजारी लावल्यावर मला एक गोष्ट दिसली आणि त्या दिवशी मी खरंच हरखून गेले. ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? कारण तोही चंद्रावर चालतो. २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये होळीपाठोपाठ, २८ मार्चला. मी हे खालच्या आजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कालनिर्णयातली पौर्णिमेची खूण शोधली आणि आपल्या कॅलेंडरवर पेन्सिलने तसाच गोल काढला. तिथी, वार, चंद्र हे आपलं एकट्याचं वेड आहे असं मला तोवर वाटत होतं.

पुण्याचं पंचांग तिथे जसंच्या तसं चालत नाही हेही लक्षात ठेवा. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आहे, त्यामुळे तिथी कधी कधी एक दिवस सरकते. संकष्टी करणार असाल तर उन्हाळ्यात मुद्दाम तयारी ठेवा. जूनमध्ये सूर्यच रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. मी तिथे गावाप्रमाणे वेळ देणारं पंचांग फोनवर बघायचे.

पोटाची व्यवस्था

शाकाहारी असाल तर काळजी करू नका, पण नुसतं 'शाकाहारी' म्हणून थांबू नका. "ओनं फ्लाइश, ओनं फिश, ओनं आय", म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडं नको, हे तीन तुकडे पाठ करा. जर्मन माणूस स्पष्ट बोलणाऱ्याचा आदर करतो. गुळमुळीत "काहीही चालेल" म्हणालात तर समोर खरोखरच काहीही येईल.

पाकिटांवर हे शब्द शोधा. 'गेलाटिनं' म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचा घट्ट करणारा पदार्थ, गोळ्या-चॉकलेटांत आणि काही दही-मिठायांत असतो. 'श्पेक' म्हणजे डुकराची खारवलेली चरबी, बटाट्याच्या आणि कोबीच्या भाज्यांत सहज पडते. चीजमध्ये 'लाब', म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, असेल तर तो वासराच्या पोटातला असू शकतो. त्याच्या आधी 'मिक्रोबिएल' असेल तर चालेल. आणि या दोन शब्दांत गोंधळ करू नका: 'श्माल्त्स' म्हणजे बहुधा डुकराची चरबी, आणि 'बुटरश्माल्त्स' म्हणजे चक्क आपलं तूप. लोणी कढवून केलेलं, डब्यात, सुपरमार्केटात. आईला फोन करून सांगा, तिचा जीव भांड्यात पडेल.

आणखी काही शोध, जे मला लागायला वर्ष लागलं. क्वार्क नावाचा जो पांढरा, घट्ट, बिनमिठाचा पदार्थ मिळतो तो श्रीखंडासाठी चक्क्याच्या फार जवळ आहे. ४० टक्के फॅटवालं घ्या, मलमलमध्ये बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगा, मग पिठीसाखर, वेलची, केशर. 'ग्रीस' म्हणजे रवा. 'हार्टवाइत्सनग्रीस' घ्या, उपमा मोकळा होतो. 'बुटरमिल्श' म्हणजे ताकच, कढीला उत्तम. 'कोलराबी' म्हणजे नवलकोल. पोळीसाठी ४०५ नंबरचा गव्हाचा मैदा एकट्याने वापरू नका, पोळी पांढरी आणि चिवट होते. १०५० नंबरच्या पिठात थोडं ४०५ मिसळलं की आपल्या कणकेच्या जवळ जातं. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, भेंडी हे तुर्की दुकानात बघा.

रोजच्या जेवणाची त्यांची घडीही समजून घ्या. गरम जेवण पुष्कळ घरांत दुपारी, आणि संध्याकाळी आबेंडब्रोट: ब्रेड, चीज, काकडी, मुळा. पहिल्यांदा कुणाकडे संध्याकाळी जेवायला बोलावलं आणि समोर ब्रेड आला तर आपल्याला कमी लेखलं असं वाटून घेऊ नका. तो ब्रेड त्यांच्यासाठी भाकरी आहे. त्याचे शेकडो प्रकार आहेत, घराघराची आवड ठरलेली आहे, आणि कोणती बेकरी चांगली यावर तिथे तितक्याच गंभीरपणे बोलतात जितकं आपण मिसळीवर बोलतो. रविवारी दुपारी कॉफी आणि केक असतो. त्याला बोलावलं तर आवर्जून जा, आणि वेळेवर जा. चार म्हणजे चार.

वर्षभराचे सण, आणि प्रत्येकात तुमचं काम काय

ऑक्टोबरात पोचलात की पहिला येतो फ्रायमार्क्ट. ब्रेमेनच्या स्टेशनामागच्या मैदानावर सतरा दिवस भरणारी ही जत्रा १०३५ सालापासूनची आहे. पाळणे, भाजलेले बदाम, आल्या-मसाल्यांच्या केकची मोठाली, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची बिस्किटं. चौकातल्या रोलंडच्या, म्हणजे शहराचा रक्षक मानल्या जाणाऱ्या वीराच्या, १४०४ मधल्या दगडी पुतळ्याच्याही अंगावर त्या दिवसांत असं एक बदाम लटकवतात. इथे काही काम नाही, नुसते फिरा. जाता जाता नगरसभेशेजारी ब्रेमेनच्या प्रसिद्ध परीकथेतल्या गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा यांचा कांस्यपुतळा आहे, १९५३ चा. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची असते. दोन्ही हातांनी, हे विसरू नका. एका हाताने धरलंत तर तिथली माणसं हसतात.

११ नोव्हेंबरच्या आसपास मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. शेजारी लहान मूल असेल तर कंदील करायला मदत करू का, एवढं विचारा. आकाशकंदील करणारे हात आपले, कामठ्या आणि पतंगाचा कागद आपल्याला परके नाहीत. तिसऱ्या वर्षी मी वरच्या मजल्यावरच्या मुलीला आपल्यासारखा झिरमिळ्यांचा कंदील करून दिला आणि त्या संध्याकाळी प्रथमच मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होते.

डिसेंबर म्हणजे त्यांची दिवाळी, पण चार आठवड्यांची. नाताळाआधीचे चार रविवार अडव्हेंटचे. हिरव्या डहाळ्यांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट पुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात अक्रोड, संत्रं, चॉकलेट सापडतं. नाताळबाजारात गरम मसालेदार वाइन मिळते. न पिणाऱ्यांनी 'किंडरपुन्श' मागावं. मगाची अनामत घेतात, मग परत दिलात की पैसे परत. या महिन्यात घरोघर बिस्किटं भाजतात. तुमचं काम इथे आहे: "तुम्ही बिस्किटं करणार असाल तर मी लाटायला येऊ का?" असं विचारा. चकल्या, करंज्या करायला आपल्याकडे बायका एकत्र बसतात ना, तसंच. मी आजींबरोबर बसले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं लाटणं बघितलं, आपलं पोळपाटाबरोबरचं बारीक लाटणं, आणि त्यांचं जाड लाटणं बाजूला ठेवून ते मागून घेतलं.

२४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दुकानं बंद होतात आणि रस्ते ओस पडतात. ती संध्याकाळ घरच्यांची. कुणी बोलावलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, लक्ष्मीपूजनाला आपणही घरातच असतो. बोलावलं तर मोठा मान समजा. पुष्कळ घरांत त्या रात्री साधं जेवण असतं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज.

३१ डिसेंबरला फटाके. जे वर्षभर विकत मिळत नाहीत ते वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत मिळतात. मध्यरात्री आवाजाने घर दणाणतं, पुण्यात वाढलेल्याला घाबरायचं कारण नाही. ६ जानेवारीला वेझर नदीकाठी एक गंमतीचा सोहळा होतो: हातात गरम इस्त्री घेतलेला शिंपी येतो आणि नदी गोठली आहे का, हे ठरवतात. १८२९ पासूनची पैज आहे. थंडीचे कपडे घालून जा.

आता कोलफार्ट, यावर थोडं थांबते. जानेवारी-फेब्रुवारीत ब्रेमेन आणि आसपासच्या भागात ऑफिसं, मित्रमंडळी, क्लब एक दिवस ठरवून हातगाडी ओढत थंडीतून काही किलोमीटर चालत जातात. वाटेत खेळ, गळ्यात दोरीने अडकवलेला छोटा पेला, आणि शेवटी एखाद्या खानावळीत ग्र्युनकोल: कुरळ्या पानांची हिरवी भाजी, तासन्‌तास शिजवलेली, पिंकेल नावाच्या सॉसेजबरोबर. जेवणाअखेर एक राजा किंवा राणी निवडतात आणि पुढच्या वर्षीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. माझ्या विभागातल्या लोकांनी पहिल्या दोन वर्षी विचारलं तेव्हा मी "मी मांस खात नाही" म्हणून नाही म्हटलं होतं. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "मी काय आणू?" हा प्रश्न, 'वास झोल इश मिटब्रिंगन', तुम्हीही पाठ करून ठेवा. संक्रांत नुकतीच झाली होती. मी थर्मासभर आल्याचा चहा आणि डबाभर तिळाच्या वड्या नेल्या. शून्याखालच्या थंडीत, ओल्या पायवाटेवर, हातगाडीची मूठ माझ्या हातात होती आणि मी प्रत्येकाला वडी देऊन "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणजे काय ते सांगत होते. खानावळीत आधी फोन केला होता म्हणून माझ्यासाठी बिनमांसाची भाजी वेगळी शिजवून ठेवली होती. चवीला आपल्या शिळ्या, मुरलेल्या पालेभाजीसारखी. त्या वर्षी राणी मला केलं. पुढच्या वर्षीची वाट मी आखली, आणि तेव्हापासून तिळाच्या वड्या त्या हातगाडीत कायमच्या बसल्या.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री गावोगाव मोठी होळी पेटवतात, ओस्टरफॉयर म्हणतात. फांद्या-काटक्या आधीपासून गोळा करतात. त्या वाहून न्यायला जा. ज्वाळा वर गेल्या की हात तोंडाकडे जाईल, पण बोंब मारू नका, आधी शेजारच्यांना समजावून सांगा. मी सांगितलं होतं, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून मारली. गुड फ्रायडेला मात्र शांतता पाळा. नाचगाण्याच्या जाहीर कार्यक्रमांवर त्या दिवशी बंदी असते.

पुढे एप्रिलपासून २४ जूनपर्यंत पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे ॲस्परॅगसचा मोसम. आपल्याकडे आंब्याची पेटी आली की जसं घर फिरतं तसं तिथे या भाजीभोवती फिरतं. २४ जूननंतर कापणी थांबवतात, म्हणजे पुढच्या वर्षीची मुळं जोर धरतात. हिमेलफार्टच्या गुरुवारी पुरुषमंडळी बिअर भरलेल्या हातगाड्या घेऊन हिंडतात, तेव्हा सायकल जपून चालवा.

वाढदिवसाची एक सूचना, कारण इथे माझी चूक झाली होती. कुणाचाही वाढदिवस आदल्या दिवशी साजरा करू नका, शुभेच्छाही देऊ नका. ते अशुभ मानतात. आमच्या एका सहकाऱ्याचा वाढदिवस शनिवारी होता म्हणून मी शुक्रवारीच केक घेऊन गेले आणि खोलीत एकदम शांतता पसरली. शिवाय केक आणायचा असतो ज्याचा वाढदिवस त्यानेच.

आपले सण तिथे

हे सोडू नका. त्यांच्या सणात हात घालायचा आणि आपले गुंडाळून ठेवायचे, असं केलंत तर तुमच्याकडे द्यायला काहीच उरणार नाही.

गणपती छोटा न्या, शाडूचा, केबिन बॅगेत कपड्यांत गुंडाळून. विसर्जन घरात बादलीत करा, नदीत नको. माती कुंडीत घाला, त्यात तुळस लावा. आरतीच्या वेळी कापूर आणि उदबत्ती छताच्या धूरसूचक यंत्राखाली लावू नका. फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी पूर्ण उघडा आणि कोट दुसऱ्या खोलीत ठेवा. हिंगाचा वास लोकरीत आठवडाभर राहतो.

उकडीच्या मोदकांना तांदळाचं पीठ घेताना पाकीट नीट वाचा. आशियाई दुकानात दोन प्रकारची पिठं एकसारख्या पाकिटात शेजारी ठेवलेली असतात: साध्या तांदळाचं 'राइसमेल' आणि चिकट तांदळाचं 'क्लेबराइसमेल'. पहिल्या वर्षी मी चिकट पीठ आणलं. उकड काढली तीच डिंकासारखी ताणायला लागली. तुपाचा हात लावला, पाण्याचा लावला, पाकळी काही उभी राहीना. मोदकपात्रातून काढले तेव्हा एकवीस मोदकांचा एक गोळा झाला होता. बाप्पाला त्या दिवशी सारणाचाच नैवेद्य दाखवला, आणि फोनवर आई म्हणाली, "गूळ-खोबरंच तर त्याला हवं असतं." तुम्ही 'क्लेब' हा शब्द दिसला की पाकीट खाली ठेवा.

दिवाळीत चार घरी फराळ द्या. थोडा द्या, आणि काय आहे ते चिठ्ठीवर लिहा: शेंगदाणे, तीळ, दूध, गहू. तिथे ॲलर्जीबद्दल फार जपतात आणि न विचारता खाण्याचं टाळतात. तिखट चकली वेगळी ठेवा.

मी पहिल्या दिवाळीला खालच्या आजींना स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा दाराशी होता, घासून-पुसून लखलखीत, आणि रिकामा. मला फार लागलं. आपण डबा रिकामा परत करतो का कधी? निदान चार दाणे साखरेचे घालतो. वर्षभर मी ते मनात धरलं. पुढच्या दिवाळीला, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, मी त्यांना आमची रीत सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या की उधार घेतलेलं भांडं त्यांच्याकडे स्वच्छ धुऊन, ताबडतोब परत करायचं असतं. डबा ठेवून घेतला तर मला अडचण होईल म्हणून त्यांनी वड्या रात्रीच दुसऱ्या ताटलीत काढल्या होत्या.

त्यानंतर तो डबा कधी रिकामा आला नाही. डिसेंबरात दालचिनीची बिस्किटं, जूनमध्ये बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि एकदा बटाट्याचं सॅलड, झाकणावर चिकटपट्टी लावून वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: ओनं श्पेक, ओनं आय. परत पुण्याला निघाले तेव्हा तो डबा त्यांच्याकडेच होता, आणि मी तो मागितला नाही. म्हणून सांगते, चार डबे न्या. एक तिथे राहतो.